एन्कार्नाचा ऑगस्ट

स्पेनच्या समुद्रकाठी आमच्या फुएनखिरोलात ऑगस्ट महिन्यात दोनच तऱ्हेची माणसे दिसतात. सुट्टीवर आलेली, आणि त्यांची अंथरुणे आवरणारी. माझी भावजय एन्कार्ना जन्मभर दुसऱ्या तऱ्हेत राहिली. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत तिने खोल्या झाडल्या, चादरी ताणल्या, लोकांच्या पायांची वाळू न्हाणीघरांतून उपसली. माझा भाऊ एउसेबियो दर वर्षी म्हणायचा, पुढच्या ऑगस्टला आपण सेव्हियाला जाऊ. पुढचा ऑगस्ट यायचा तो बादली घेऊनच यायचा. मग एउसेबियो गेला, तिची नोकरीही संपली, आणि एन्कार्नाच्या हाती पहिल्यांदा एक रिकामा ऑगस्ट आला.

रिकामा आपला तिच्या मते. तिची लेक नुरिया हिने तो परस्पर भरून टाकला होता. शाळा सुटल्या की पोरे आजीकडे, हा आमच्याकडचा अलिखित कायदाच आहे. आजीला विचारायचे असते हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. मला या गोष्टीचा फार राग आहे. मला मूलबाळ नाही, म्हणून तो राग मी मोकळेपणाने करू शकते.

एका रविवारी सगळे जेवायला बसलो होतो. भाताची कढई मध्ये होती. नुरिया म्हणाली, "आई, एक तारखेपासून उगो आणि वेरा तुझ्याकडे. वेराला टोमॅटोची सालं चालत नाहीत हं, काढून देत जा."

"मी नाहीये," एन्कार्ना म्हणाली.

"नाहीयेस म्हणजे?"

"कोर्दोबा, सेव्हिया, कादिझ. तिकिटं काढलीत. तोन्यी येतेय सोबत."

तोन्यी म्हणजे मी. ही बातमी मलाही तेव्हाच कळली. पण नुरियाचा चेहरा पाहून मी घास गिळला आणि मान डोलावली.

जावई गोन्सालो हसू लागला. "सासूबाई, ऑगस्टात कोर्दोबा? उन्हाला कंटाळून तिथले सरडेसुद्धा या महिन्यात समुद्रावर येतात. सप्टेंबरात जा की आरामात."

"सप्टेंबर मला मिळायचाच रे. ऑगस्टच तेवढा कधी मिळाला नाही."

"आणि पोरांचं काय करायचं आम्ही?" नुरिया म्हणाली.

"त्यांना आई आहे, बाप आहे. मी त्यांची आजी आहे, पाळणाघर नाही."

नुरिया ताटावरून उठली. एन्कार्नाने कढईच्या तळाची खरपुडी खरवडून माझ्या ताटात घातली आणि स्वतःही घेतली.

गोन्सालो खोटे बोलत नव्हता. कोर्दोबाच्या रस्त्यावर दुपारी आम्ही दोघी आणि वाट चुकलेला एक जर्मन, एवढेच होतो. घरोघरी खिडक्यांच्या झडपा बंद. खानावळवाल्याने टोमॅटोचे गार, दाट सार पुढे ठेवले आणि विचारले, "बाई, कुठून आलात?"

"फुएनखिरोलाहून."

"अहो, लोक इथून तिकडे पळतात. तुम्हाला समुद्र पुरला नाही का?"

"खिडक्या पुसताना रोज बघत होते," एन्कार्ना म्हणाली. "पुरून उरला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाऊन आले, तर दोन्ही पलंग लावलेले. चादरीचे कोपरे असे घट्ट दुमडलेले की त्यांवर नाणे टाकले तर उडावे. एन्कार्ना मध्ये उभी होती आणि स्वतःच्याच हातांकडे रागाने बघत होती.

"अगं, हे काय केलंस?"

"मी नाही केलं. हातांनी केलं. मेले कुणाचं ऐकतच नाहीत."

तिने दोन्ही चादरी ओढून काढल्या, त्यांचा बोळा केला आणि पलंगावर फेकला. मग तिला खोल्या आवरायला गाडा ढकलत येणारी हॉटेलची पोरगी आठवली. दाराला 'त्रास देऊ नये' ही पाटी लावून ती म्हणाली, "या खोलीत कुणीच पलंग लावायचा नाही. मी नाही, आणि तीही नाही." आम्ही त्या चुरगळ्यात खुशाल झोपलो.

सेव्हियात तिची जीभ मात्र घसरली. नुरियाचा रोज फोन यायचा, आणि एन्कार्नाने मोठ्या तोऱ्यात तिला हॉटेलचे नाव सांगून टाकले. दोन दिवसांनी सकाळी आम्ही खाली आलो, तर समोर नुरिया. एका हाताला उगो, दुसऱ्या हाताला वेरा, पायाशी पोरांच्या बॅगा. बाहेर गाडी चालूच ठेवून गोन्सालो बसला होता.

"आई, पोरं सांभाळणारी मुलगी सोडून गेली. आमचं मायोर्का बेटावरचं बुकिंग आहे, लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून. चारच दिवस. सगळ्यांसमोर नाही म्हणू नकोस."

सगळ्यांसमोर. तेच तर नुरियाने हेरले होते. मॅनेजर, तीन पाहुणे, फरशी पुसणारी बाई, सगळे बघत होते. वेराने आजीच्या कमरेला मिठी घातली, उगो काहीतरी दाखवायला खिशात चाचपडू लागला. एन्कार्नाचा चेहरा लोण्यासारखा मऊ झाला. मी मनात म्हटले, झाले, कादिझ बुडाले. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आले.

एन्कार्ना खाली बसली. दोघांचे पापे घेतले, उगोचा शिंपला नीट निरखून पाहिला. मग उठली आणि खोलीची किल्ली नुरियाच्या तळहातावर ठेवली.

"खोली गुरुवारपर्यंत आपली आहे. पंखा नीट चालतो. पोरांना संध्याकाळी नदीवर ने, दुपारी बाहेर काढू नकोस."

"आणि तू?"

"मी कादिझला. एक दिवस आधी गेले तर काय बिघडलं?"

"आमचं मायोर्का, आई?"

"ते तू नवऱ्याला विचार. बाहेर बसलाय."

"कसली आजी आहेस तू?"

आजूबाजूचे सगळे ऐकत होते. एन्कार्ना शांतपणे म्हणाली, "चांगली आहे. सप्टेंबरात ये, बघशील." मग माझ्याकडे वळून, "तोन्यी, सामान आण. मी इथे उभी राहिले तर विरघळेन."

कादिझच्या आगगाडीत बसल्यावर ती रडायला लागली. हुंदके देऊन रडत होती. हातपंख्याने वारा घेत होती आणि रडत होती. समोरच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली. उत्रेरा स्टेशन आले तरी डोळे थांबेनात. शेवटी मलाच राहवेना.

"वहिनी, उतरायचं का इथे? परतीची गाडी मिळेल."

तिने नाक पुसले आणि माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच नुरिया.

"गप बस गं. जन्मभर हसत हसत कामाला गेले. आता रडत रडत सुट्टीला जाईन, पण जाईन."