दारातलं खाकरणं

आमच्याकडे पुरुष माणूस घरात शिरताना दारात खाकरतो. आतल्या बायकांना चाहूल लागावी म्हणून. वडील खाकरायचे, मीही खाकरत आलो. त्यात मला नेहमी अदबच दिसली.

धाकटी बहीण नवऱ्याचं घर सोडून कासार आंबोलीला आमच्याकडे कायमची आली, त्याच आठवड्यातली गोष्ट. मी शेतावरून आलो, खाकरलो, आणि आत परात पडली. पाहतो तर ती भिंतीला पाठ लावून उभी. हात कणकेने भरलेले. डोळे माझ्याकडे होते, पण दिसत मी नव्हतो. मी तिचे खांदे धरून हलवले. "अगं मी हाय, असं काय करतीस येड्यावानी?" ती मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

बायकोने मला मागे ओढलं. स्वतः तिच्यापासून लांबच बसली आणि हळू आवाजात बोलत राहिली. "वन्सं, हे आपलं घर हाय. बाहेर म्हस वरडतीया, ऐकू येतंय का?" बऱ्याच वेळाने बहिणीने मान हलवली.

मला वाटलं, मी फार हळू खाकरलो म्हणून ती दचकली. मग मी फाटकापासूनच मोठमोठ्याने खाकरू लागलो. तिचं बोलणं कमी होत गेलं. एक दिवस म्हणाली, "दादा, सूसला मैत्रीण राहती. तिच्याकडं जाऊ का राहायला?"

"हितं काय कमी हाय तुला?"

"कमी न्हाई." तिने दाराकडे पाहिलं. "तो पण दारात खाकरायचा. मग आतून कडी लावायचा."

याआधी ती एकदा माहेरी निघून आली होती, तेव्हा समजूत घालून तिला परत त्या दारात सोडलं ते मीच. दाजी खाकरत बाहेर आले होते. किती रीतीचा माणूस, असं मला वाटलं होतं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तिला त्या घरातलं आठवतं, असं मी समजत होतो. तसं नाही. खाकरणं कानावर पडलं की ती तिथेच असते, आणि कडी अजून लागायची असते.

"मग मी कसं येऊ?" मी विचारलं.

"बोलत ये. काय पण बोल."

तेव्हापासून मी फाटकापासून बडबडत येतो. म्हशीबद्दल, तोंडल्याच्या वेलाबद्दल. बायको म्हणते, "आत आलाय की तुमी, आता गप बसा जरा." सूसचा विषय बहिणीने पुन्हा काढला नाही.

परवा सर्दीने घसा धरला होता. दारातच खाकरलो आणि जागीच थिजलो. आत तिचा हात पातेल्यावर थांबला होता.

"मी हाय गं, दादा. सर्दी झालीया."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय, कळतंय. तितंच थांब जरा."

मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो, माझ्याच घराच्या. पातेल्यात पुन्हा पळी फिरू लागली.

"ये आता," ती म्हणाली.