सोमवारी शहाणा होणारा कॅमेरा

गुजरातेत पांडेसऱ्याच्या एका साड्या छापणाऱ्या मिलमध्ये सुभद्राबाई बावीस वर्षं कापड तपासत होती. पारोळ्याकडून लग्न होऊन लिंबायतला आली, नवरा लूमवर लागला आणि ही चेकिंग खात्यात. समोरून कापड सरकत असायचं, तोंडानं शेजारणीच्या सुनेचं पुराण चालू असायचं, आणि बोट मात्र नेमकं डागावर पडायचं.

मिलनं तिच्या टेबलावर डाग शोधणारा कॅमेरा बसवला तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई आता भांडणार. ती भांडली, पण वेगळ्याच गोष्टीवरून. कॅमेरा बसवणाऱ्यांनी तिचा जेवणाचा डबा टांगायचा खिळा उपटला होता. खाली ठेवावा तर उंदीर. तिनं इकडंतिकडं पाहिलं. कॅमेऱ्यातून निघालेली काळी केबल मागच्या बाजूनं हाताच्या उंचीवर लोंबत होती. तिनं डब्याची पिशवी तिथं अडकवली आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटरवर साड्या फाटक्या दिसू लागल्या. छापातल्या मोराचं डोकं वर, पिसारा भलतीकडं, मध्ये काळे पट्टे. कॅमेऱ्याच्या कंपनीनं शीतल नावाची मुलगी पाठवली. पंचविशीची, पाठीला लॅपटॉप, बोलणं निम्मं गुजराती.

"मासी, चित्र केबलमधून तुकड्या-तुकड्यानं येतं," तिनं समजावलं. "वाटेत तुकडे गळतात. कुठं गळतात ते शोधायचं."

"शोध बाई," सुभद्राबाई म्हणाली. शीतलनं शिडी लावली की ती अदबीनं आपली पिशवी उचलून मांडीवर घ्यायची. मग चित्र लख्ख. शीतल खाली उतरायची, पिशवी जागेवर जायची, की मोर पुन्हा फाटायचा.

शीतलनं सेटिंग बदललं, नेटवर्कचा डबा बदलला, केबल दोनदा बदलली. वहीत नोंद ठेवली: सकाळी बिघाड, दुपारी एकनंतर ठीक, सोमवारी दिवसभर ठीक. तिचं म्हणणं पडलं, रविवारी सुट्टीत यंत्र थंड होत असणार. सुपरवायझर लखनभाईला हे पटलं नाही. सोमवार म्हणजे महादेवाचा वार. त्यानं कॅमेऱ्याला भस्म लावलं आणि वर बेलाचं पान ठेवलं.

ती वही जेवताना सुभद्राबाईच्या शेजारी उघडी पडली होती. बाईनं वाचली आणि तिचा घास हातातच राहिला. एक वाजता तिचा डबा रिकामा होत होता. सोमवारी तिचा उपास.

खात्री करावी म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या चार भाकऱ्या जास्त बांधल्या, वर ठेच्याची बरणी. त्या सकाळी पडद्यावर मोर उरलाच नाही, नुसते पट्टे. सुभद्राबाई पदरात तोंड घालून इतकी हसली की लखनभाईनं पाणी आणवलं. तिसऱ्या दिवशी तिनं भाकऱ्यांवर कांदेही ठेवले.

त्या दिवशी दुपारी मात्र शीतल जेवायलाच उठली नाही.

"काय झालं व पोरी?"

"ऑफिसवाले म्हणतात, आज नाही जमलं तर कॅमेरा परत आण. माझं पहिलंच स्वतंत्र काम आहे, मासी."

सुभद्राबाईनं भाकरी शीतलच्या पुढ्यात सरकवली. लखनभाई शेजारीच उभा होता, आणि तो पडला अलाहाबादकडचा. त्याला कळू नये म्हणून बाई खाली मान घालून अहिराणीत पुटपुटली, "माय, तो मना डबा शे."

शीतलनं घास गिळला. वर केबलकडं पाहिलं, मग रिकाम्या होत आलेल्या डब्याकडं, मग वहीकडं.

"तुले समजनं का?" बाईनं विचारलं.

"मी गोडादरानी शे, लिंबायतना जवळनी," शीतल म्हणाली. "घरमा हाईच बोलतस."

"मग कोनले सांगू नको."

"मासी क्या बोल रही है?" लखनभाईनं विचारलं.

शीतलनं हसू दाबून त्याला हिंदीत सांगितलं, "मासी म्हणतात, केबलला ताण येतोय, म्हणून प्लग तोंडाशी सैल होतो. ताण काढा."

लखनभाईनं बाईकडं आदरानं पाहिलं. तासाभरात केबल क्लिपांनी लोखंडी पट्टीला घट्ट बांधली गेली. शीतलनं आपल्या हातानं दोन मोठे हूक भिंतीत ठोकले आणि रिपोर्टात लिहिलं की चेकिंगच्या बायकांचं सामान ठेवायची सोय मिलनं करावी. मिलनं लोखंडी कपाट दिलं. लखनभाईनं मालकाला सांगितलं, एवढे इंजिनियर चुकले, पण मासीनं नुसत्या नजरेनं ओळखलं. मालकानं तिला पडद्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं.

खुर्ची फिरायची. पहिला अर्धा दिवस सुभद्राबाई नुसती फिरत होती. मग कॅमेऱ्यानं घंटा वाजवून मोराच्या पिसातला डोळा डाग म्हणून दाखवला. तिनं चष्मा पुसला, पडद्यावर बोट ठेवलं आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईला म्हणाली, "याला अजून बरंच शिकवावं लागणार."