लाल दोऱ्याचा बाक

बातमीसाठी अकोल्याकडच्या एका नगरपालिकेत गेलो होतो. तिथल्या कारकुनाने भिंतीवरच्या तक्त्यावर एप्रिलच्या तळापासून मार्चच्या माथ्यापर्यंत लाल दोरा तिरपा, सरळ रेषेत ताणला होता. ती पाण्याच्या बैलगाड्यांसाठी वर्षाची मंजुरी, बारा महिन्यांत सारखी वाटलेली. काळा दोरा महिन्यागणिक साचत गेलेल्या खर्चाचा. मेअखेर काळा दोरा लाल दोऱ्याच्या वर गेलेला पाहून नवे साहेब गाड्या बंद करण्याचा हुकूम लिहू लागले.

“काहून जी? तहान का बाराई महिने सारखी लागते? पाणी पडलं का गाड्या उभ्याच रायतात,” कारकून म्हणाला.

जुन्या वह्यांत मागच्या वर्षांचा मेअखेरपर्यंतचा खर्च पाहून त्याने मे महिन्यावर तेवढ्याच उंचीला टाचणी खोचली आणि लाल दोरा तिच्यावर ओढून घेतला. दोन्ही दोरे जुळले. साहेबांनी हुकूम फाडला.

बाहेर मी विचारले, “मग आधी सरळ का ताणला होता?”

“मागच्या साहेबायले सरळच आवडे जी.”