घरोघरचा नैवेद्य

त्या दिवसांत माझा दत्तावर राग होता. गुरुवारी देवळात जायचे, पण हात जोडत नसे, नुसती समोर बसून राहायचे. पोटात गाठ निघाली होती आणि शस्त्रक्रिया आता लांबवू नका, असं सिटी सेंटर भागातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. शस्त्रक्रियेला मी भीत नव्हते. काळजी होती ती अनंताची. माझा अनंता तिशीचा आहे, पण त्याची समज लहान मुलाएवढीच राहिली. त्याचे वडील गेल्यापासून नया बाजारातल्या घरात आम्ही दोघंच, आणि माझ्याखेरीज तो कुणाच्या हातचं जेवत नाही. एकदा मी तापानं पडले, तेव्हा शेजारच्या तोमर भाभींनी प्रेमानं पराठे आणले, तर हा संध्याकाळपर्यंत उपाशी बसून राहिला. शेवटी मीच उठून वरण-भात लावला. आता मी इस्पितळात गेल्यावर काय? आणि परत आलेच नाही तर? इथे येऊन माझी प्रार्थना अडायची. इतकी वर्षं तुझं केलं, आता माझ्यामागे याला कोण जेवू घालणार एवढं तरी सांग, असं मी देवाला मनातल्या मनात सुनावत असे.

अशाच एका गुरुवारी गोरखीजवळच्या आमच्या, या हिंदी मुलखातल्या मराठी मंडळींच्या देवळात आरतीनंतर एक अनोळखी वृद्ध बाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी आपल्या हातावरचा शिरा अर्धा करून अनंतापुढे धरला आणि त्यानं तो निमूट खाल्ला. "मुलगा तुमचा?" त्यांनी विचारलं. एरवी मी परक्या माणसाला थांग लागू देत नाही, पण त्या दिवशी सगळं भडाभडा सांगून मोकळी झाले. त्या म्हणाल्या, "कुणाच्या हातचं खात नाही म्हणता, आत्ता माझ्या हातचं खाल्लं की."

"तो प्रसाद होता," मी म्हणाले.

"मग प्रसादच द्या. पूर्वी गरीब विद्यार्थ्यांचे वार लावायचे, आज या घरी जेवायचं, उद्या त्या घरी. तसे याचे लावा. ज्यांचा वार असेल त्यांनी आधी देवाला नैवेद्य दाखवायचा आणि तेच ताट याला द्यायचं."

मी काही बोलायच्या आत त्यांनी उठून हेच सगळ्या बायकांना सांगितलंसुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणापुढे हात पसरायचा नाही, हा ताठा माझ्यात मुळातच भरपूर. मी अनंताचा हात धरून निघणार, तोच भजनातल्या सुशीलाकाकूंनी मला अडवलं. "अगं, इतना क्या सोचना? सोमवार माझा." मग एकेकीनं एकेक वार मागून घेतला. शनिवार राहिला, तो देवळातल्या गुरुजींनी घेतला. रविवारी कुणालाच जमत नव्हतं, म्हणून मी खालमानेनं घरी आले, तर हकिगत ऐकून तोमर भाभी माझ्यावरच उखडल्या. "हम क्या पराए हैं? इतवार हमारा." या गडबडीत त्या बाई कधी गेल्या ते कळलं नाही. त्या कोणाकडे उतरल्या होत्या, हे पुढे मी पुष्कळांना विचारलं. प्रत्येकीला वाटत होतं की त्या दुसरीच्या पाहुण्या. मग मीही शोध सोडला.

सोमवारी मला इस्पितळात दाखल केलं. दुपारी काकूंच्या फोनची वाट पाहताना माझा जीव टांगणीला लागला होता. त्यांचा आवाज आला तो रडवेला. अनंतानं ताट सरकवलं होतं. काकूंनी नैवेद्य दाखवला होता, पण घाईत भातावर तुळशीचं पान ठेवायचं राहिलं होतं, आणि अनंता नुसता भाताकडे बोट दाखवत होता. अखेर काकूंच्या लक्षात आलं. त्या कुंडीतलं पान आणायला गेल्या आणि फोन तसाच चालू राहिला. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "खातोय गं. दुसऱ्यांदा भात मागितला." त्या खाटेवर पडल्या पडल्या मी कितीतरी महिन्यांनी दत्ताला हात जोडले आणि पोटभर रडले.

पुढे सगळं नीट पार पडलं. तोमर भाभी "भोग लग गया लल्ला, अब खा ले" म्हणाल्या की तो पराठेसुद्धा खाऊ लागला. एरवी ज्या घरांत देवाची पूजा उरकली जायची, तिथे रोज साग्रसंगीत नैवेद्य होऊ लागला. अनंताच्या कृपेनं आमच्या देवाला गरम जेवण मिळायला लागलं, असं काकू अजून चिडवतात. या माणसांचे उपकार मी कशानं फेडणार?

मी हिंडूफिरू लागले तशी सगळ्यांना सांगून आले की आता माझं मी बघेन. सोमवारी हौसेनं पुरण घातलं, नैवेद्य दाखवला, भातावर पान ठेवलं आणि अनंताला हाक मारली. तो दारात चपला घालत होता.

"आज सोमवार. काकूंचा," तो म्हणाला.

"अरे, मग माझा वार कोणता?"

तो विचारात पडला. एकेक बोट दुमडून त्यानं सगळी घरं आठवली. एकही वार मोकळा नव्हता. माझ्याकडे पाहून त्याला बहुधा वाईट वाटलं असावं.

"तू शनिवार घे," तो म्हणाला. "मी गुरुजींना सांगतो."

आणि तो एकटाच जिना उतरून गेला. मी देवापुढे येऊन बसले. मागायला काही उरलं नव्हतं.