माझ्या वाटणीची कोशिंबीर

आमच्या घरात पुरुष आधी जेवतात, बायका नंतर. लग्न होऊन कुरुळीत आले तेव्हा मला त्याचं नवल वाटलं. माहेरी, पिंपरीत, खोली एवढी लहान होती की जो मोकळा असेल तो जेवून घ्यायचा. सासरी जागाच जागा. शेती कंपन्यांना गेली होती, त्या पैशातून दुमजली घर उभं राहिलं होतं, आणि मागे परसाचा एक तुकडा तेवढा सासूबाईंनी विकू दिला नव्हता. तिथे त्या मुळा, गाजर, काकडी, मेथी लावत.

कोशिंबिरीचं काम पहिल्या महिन्यातच माझ्याकडे आलं. माझी पद्धत आईची. वडिलांच्या डब्यात ती चिरलेली भाजी कोरडीच द्यायची आणि सोबत औषधाची एक धुतलेली बाटली. बाटलीत शेंगदाण्याचं तेल, लिंबाचा रस, कुटलेली मोहरी, मीठ आणि गुळाचा खडा. जेवायला बसल्यावर बाटली जोरात हलवायची आणि ओतायची. आधी ओतलं तर काकडीला पाणी सुटतं. मी तेच करते, माझी बाटली फक्त मोठी आहे. थंडीत मुळा त्याच्या कोवळ्या पाल्यासकट, गाजर आणि लसणाची पात, तेव्हा लिंबाऐवजी आवळ्याचा रस. उन्हाळ्यात काकडी-कांद्याला कैरीचा कीस. पावसाळ्यात बीट नाहीतर गवार वाफवून घेते आणि गरम असतानाच वरून ओतते, म्हणजे आतपर्यंत मुरतं.

पहिल्यांदा केली तेव्हा सासरे म्हणाले होते, गुरांपुढं टाकत्यात तसं काय हे. आणि मग तीनदा वाढून घेतली. त्यानंतर भांडं रोज रिकामं होऊनच आत यायचं. सासूबाई आणि मी जेवायला बसायचो तेव्हा तळाशी मोहरीचं पिवळं पाणी उरलेलं असायचं. ते मी भाकरीने पुसून खायचे. मीठ बघायला तळहातावर घेतलेला एक तुकडा, एवढीच माझी वाटणी. दोन वर्षं मी हे चालवून घेतलं, याचा मला अजून राग येतो.

मी चाकणच्या एका कंपनीत रबरी सुटे भाग तपासायच्या कामावर आहे. तिथे जेवायच्या सुट्टीत सगळे एकाच रांगेत उभे राहतात. मी पुढे असले तर साहेबही माझ्या मागे थांबतो. घरी आले की मात्र मी पुन्हा रांगेच्या शेवटी. हे एकदा लक्षात आल्यावर डोक्यातून जाईना.

थंडीतल्या एका रविवारी सासऱ्यांचे दोन चुलतभाऊ जेवायला आले. मटण होतं. आम्ही दोघी सकाळपासून स्वयंपाकघरात होतो. ताटं वाढायच्या आधी मी कोशिंबिरीच्या दोन वाट्या भरल्या, ओट्यावर ठेवल्या आणि वर ताटली झाकली. मग मोठं भांडं बाहेर पाठवलं. ते थोड्याच वेळात रिकामं झालं. सासऱ्यांनी अजून मागितली. मी दारात येऊन संपल्याचं सांगितलं. तेवढ्यात पाणी घ्यायला आत आलेल्या दिराने ताटली उचलून बघितली आणि तिथूनच सांगितलं, हितं हाय की.

"मग आण ना ती," सासरे म्हणाले.

"ती आईंची आणि माझी आहे, मामा."

बाहेर सगळ्यांचे हात थांबले.

"पाव्हणं ताटावर बसल्यात," ते म्हणाले.

"आम्हीपण बसणार आहोत. थोड्या वेळाने."

माझा नवरा उठून आत आला. एका वाटीसाठी लोकांसमोर तमाशा कशाला, असं त्याने दबक्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, एका वाटीचीच गोष्ट आहे ना, मग राहू दे ती इथे. तो परत जाऊन ताटावर बसला. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात सासूबाईंनी आपली वाटी उचलली आणि बाहेर नेऊन सासऱ्यांच्या ताटात रिकामी केली. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

ते मला सगळ्यात जास्त लागलं. मी माझी वाटी हातात घेतली आणि ओट्याला टेकून, पुरुष ताटावर असतानाच, खाल्ली. त्या घरात त्यांचं जेवण उरकायच्या आधी मी वाटीभर काही खाण्याची ती पहिली वेळ. मुळा कचकन तुटला, आवळ्याने दात आंबले, आणि मोहरी थेट नाकात गेली. चांगली झाली होती. मला ते तोवर ठाऊकच नव्हतं.

सासरे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवरा म्हणाला, माफी मागून मोकळी हो. मी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन वाट्या भरल्या. सासूबाईंनी पुन्हा आपली देऊन टाकली. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. मला सासऱ्यांपेक्षा त्यांचाच राग यायला लागला, पण त्यांची वाटी भरायचं मी थांबवलं नाही. द्यायची तर त्यांनी त्यांच्या हाताने द्यावी, मी त्यांच्या वतीने देणार नव्हते.

असं पंधरवडाभर चाललं. मग एका रविवारी दुपारी पुरुष उठून गेले तरी सासूबाईंची वाटी ओट्यावरच होती. आम्ही जेवायला बसलो. त्यांनी वाटी जवळ ओढली, सगळी संपवली आणि मला म्हणाल्या, "मुळा जरा जाड चिरत जा. दात हायत अजून मला."

दुसऱ्या दिवशी मी जाड चिरला. सासऱ्यांना तो आवडला नाही, तसं ते म्हणालेही. मी ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशीसुद्धा जाडच चिरला.