भावजी आणि ओली खोली

दत्तूभावजी गेल्याचं सांगायला त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, सायकलवरून आला तेव्हा मी गहू निवडत होते. हातातलं सूप संपवलं आणि मग उठले. कोणाला काय वाटायचं ते वाटो. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सोडाल्याला त्यांच्या घरी पोचले तर जमलेली मंडळी म्हणत होती, शिस्तीचा माणूस, किती घरं वाचवली यांनी. ते खरं आहे. भावजी म्हणजे माझे थोरले दीर, बांधकाम खात्यात ओव्हरसियर. पाण्याने खिळखिळं झालेलं घर कसं सावरावं, हे त्यांना चांगलं कळत होतं. माणसाशी कसं बोलावं ते कळत नव्हतं.

पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही सगळे आदर्श नगरात एकत्र राहत होतो. माझे यजमान, मी, सासूबाई आणि भावजी. भावजींची बायको आधीच गेलेली, मुलगा आजोळी वाढत होता. एका भाद्रपदात पाऊस तीन दिवस थांबलाच नाही आणि घरात कमरेइतकं पाणी भरलं. पाणी ओसरल्यावर भावजींनी आधी विजेचा मेन स्विच बंद केला, छताच्या दगडी पट्ट्यांना बल्ल्यांचे, जाड लाकडी वाशांचे, टेकू दिले, मग काठीने प्रत्येक भिंत ठोकली. जिथे पोकळ वाजलं तिथला गिलावा खरवडून काढला. आम्हाला अंगणात ताडपत्रीखाली बसवलं. "आत जायचं नाही," म्हणाले. किती दिवस, विचारलं तर, "मी सांगेपर्यंत." समोरच्या घरवाल्यांनी घाई करून ओल्या भिंतीलाच गिलावा केला. आठवड्यात पडवी बसली, खालची गाय मेली. भावजी हसले. म्हणाले, "गायीला अक्कल नसते. मालकालाही नव्हती."

आमची अडचण वेगळी होती. माझी लेक शकू पहिल्या बाळंतपणाला यायची होती, पंधरा दिवसांवर. तिच्यासाठी ठेवलेली मागची खोली सगळ्यात ओली. सासूबाई भावजींना म्हणाल्या, "अरे, पोर काय ओल्या भिंतीला पाठ लावून बाळंत व्हायची? काहीतरी कर की." भावजी म्हणाले, "पाऊस मी पाडला का? भिंत वाळायला दोन महिने लागतात." आणि कामावर निघून गेले. सासूबाई मला म्हणाल्या, "याच्या नादी लागलो तर पोर रस्त्यात बाळंत होईल. शेगडी भर, खोली शेकून वाळवू. दारं-खिडक्या घट्ट लाव, ऊब बाहेर जायला नको." बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आम्ही नेहमीच ठेवायचो. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. दोन वेळा निखारे भरून दिले. त्या खाटेवर राखण करत बसल्या. मी अंगणात भाकरी करायला आले. दोन तासांनी चहा घेऊन गेले... सासूबाईंचा चेहरा गुलाबी होता, उभ्या जन्मात इतका तजेलदार कधी दिसला नव्हता. हाक मारली. उठल्या नाहीत. माझंही डोकं गरगरायला लागलं.

निरोप गेला, भावजी आले. आईकडे बघितलं, खिडक्या लाथेने उघडल्या आणि मला दंडाला धरून अंगणात ढकललं. "निखारे कोणी दिले?"

"मी."

तेरा दिवस जो जो भेटायला आला त्याला त्यांनी हेच सांगितलं. निखारे धाकटीने नेऊन दिले. माझे यजमान खाली मान घालून बसायचे. शकूला येऊ नको म्हणून तार केली. ती सासरीच बाळंत झाली. तिच्या सासूने माझे डिंकाचे लाडू डब्यासकट परत पाठवले, वर निरोप, "त्या हातचं नको." शकू पुढच्या दोन्ही बाळंतपणांना माहेरी आली नाही.

चौदाव्या दिवशी भावजींच्या हाताखालचा कजोड मिस्त्री टेकू बघायला आला. मला म्हणाला, "बाईसा, साहब ने हमको तो पहले ही दिन बोल दिया था, बंद कमरे में कोयला मत जलाना, आदमी सोया तो उठेगा नहीं।"

भावजी जेवायला बसले होते. मी पानासमोर उभी राहिले. "मिस्त्र्याला सांगितलंत. आईंना का नाही सांगितलं? मला का नाही?"

त्यांनी घास खाल्ला. म्हणाले, "मजुराला कारण सांगावं लागतं, नाहीतर तो काम सोडून जातो. घरातली माणसं कुठे जाणार?"

मी वाढायचं थांबवलं. त्या दिवसापासून त्यांना मी वाढलं नाही, एका घरात होतो तोवर आणि ते सोडाल्याला राहायला गेल्यावरही.

त्यांच्यात फरक पडला म्हणतात. पडला असेल. भेटतील त्या बाईला ते धरून धरून कारणं सांगायचे, घडा अर्धा का भरावा, वाळत घातलेलं कापड झटकून का घ्यावं... गल्लीतल्या सुना पदर तोंडाला लावून हसायच्या. पण निखाऱ्यांचं वाक्य त्यांनी कधी मागे घेतलं नाही.

भावजींचं महिन्याचं श्राद्ध झाल्यावर पुतण्याच्या बायकोने मला त्यांची खोली दाखवली. खाटेच्या वर भिंतीवर पेन्सिलीने त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं. "शेगडी आत आणण्याआधी दोन्ही खिडक्या उघडणे. कारण, बंद खोलीत कोळशाने माणूस मरतो. आमची आई अशीच गेली."

"काकू, किती जीव होता ना आईवर?" ती म्हणाली.

मी तिच्याकडून पेन्सिल मागून घेतली. चौथीपर्यंत शिकलेय, अक्षर वाईट आहे. खाली लिहिलं, "आईंना हे सांगितलं नव्हतं."