निजलेला तुकडा

पेठच्या डोंगरात, पाड्याच्या वरच्या अंगाला कुसाबाईच्या उतरणीचे तीन तुकडे आहेत, आणि त्यातला एखादा नेहमी निजलेला असतो. हा शब्द तिचाच. पहिल्या साली नागली, दुसऱ्या साली वरई, तिसऱ्या साली खुरासणी. मग जमीन दमते. तिला निजू द्यायचं, झुडपं कमरेएवढी होईपर्यंत. ती तोडून, वाळवून, जाळली की त्या राखेत जमीन पुन्हा जागी होते.

निजलेल्या तुकड्यावर कुसाबाई पाय ठेवत नाही. निजलेल्या माणसाला कुणी ओलांडतं का, असं सासू एकदा म्हणाली होती. सासू जाऊन वीस वर्षं झाली. कुसाबाई अजून गुरं वळवतानाही लांबून फिरते.

सासूच्या वेळी तुकडे सात होते. डोंगर मोठा होता, माणसं थोडी. आता दिवाळी झाली की अर्धा पाडा निफाडच्या द्राक्षबागांत जातो. कुसाबाईचा मुलगा सोमनाथ जातो, सून तेजस्विनीही जाते. द्राक्षाचा घड कसा विरळ करायचा ते तेजस्विनीला डोळे मिटून जमतं. नागली मात्र ती सासूकडून शिकते आहे, हळूहळू, जशी एखादी बोली शिकावी.

चैत्रात ती दोघं परत आली ती मोजणीसाठी. वनहक्काच्या दाव्याचे कागद सोमवारी जायचे होते. पाड्यातला दत्तू वनहक्क समितीवर होता. त्याने कुसाबाईच्या हातात मोबाइल दिला आणि सांगितलं, आपल्या जमिनीच्या कडेकडेनं चालून ये. चालशील तशी यात रेघ उमटेल, रेघेच्या आत येईल ते तुझं. कुसाबाईने तो दोन्ही हातांत धरला, जळता दिवा न्यावा तसा, आणि निघाली. दत्तू आणि तेजस्विनी मोहाच्या झाडाखाली बसून राहिली.

ती परत आली तेव्हा दत्तूने पडद्यावर पाहिलं. उंदराने एका बाजूने कुरतडलेल्या भाकरीसारखा आकार.

“मावशे, हा खालचा तुकडा तुझा नाय?”

“माझाच.”

“मग त्याच्या कडेनं का नाय फिरली?”

“निजलाय तो.”

दत्तू खूप हसला. मग त्याने समजावलं की मोबाइलला झोप कळत नाही. रेघेबाहेर राहिलं ते जंगल म्हणून लिहिलं जाईल, आणि पुढे तिथे कोयता घेऊन गेलं तर जाब द्यावा लागेल. सोमनाथने घरी आधीच म्हणून ठेवलं होतं, राहू दे तो तुकडा, कसणार कोण? ते कुसाबाईला आता ऐकू येत होतं.

तेजस्विनी उठली. “मी चालते, आत्या. पाप लागलं तर मला लागंल.”

“तुझी वळख नाय अजून जमिनीला,” कुसाबाई म्हणाली.

तिने चपला काढल्या. तुकड्याच्या तोंडाशी उकिडवी बसली, मातीवर तळहात ठेवला आणि अगदी हळू, तापातल्या पोराला औषधासाठी उठवावं तशी म्हणाली, “ऊठ बाय. कूस बदल जराशी.”

मग चालली. गुडघ्याएवढ्या करवंदीच्या काट्यांतून, सासूने रचलेल्या दगडांच्या बांधावरून, ओहोळापर्यंत आणि परत. रेघ जुळली. जुन्या कसणुकीची खूण म्हणून दत्तूला फोटो हवा होता. तिने बोटाने माती उकरली आणि खालचा काळा कोळसा दाखवला. दत्तू समाधानाने गेला.

कुसाबाई मात्र तिथेच बसून राहिली. तेजस्विनीने घरी चला म्हटलं, तर म्हणाली, “उठवलीय आता. उपाशी कशी ठेवू?”

आषाढात तिने त्या तुकड्याच्या कडेला, अंथरुणाएवढ्या जागेत नागलीची रोपं लावली. सोमनाथ म्हणाला, एवढ्याशात काय पिकणार? कुसाबाई चुलीवरची पेज ढवळत राहिली.

दुसऱ्या दिवशी तेजस्विनी रोपं बघायला तुकड्यातून सरळ निघाली, तेव्हा कुसाबाईने मागून तिचा दंड धरला.

“वळसा घालून जा,” ती कुजबुजली. “बाकीची जमीन परत निजलीय.”

तेजस्विनीने चपला हातात घेतल्या.